पेशंटचं कोण आहे?

कुठल्याही मोठ्या दवाखान्यात वॉर्डाबाहेर अर्धा तास थांबा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "पेशंटचं कोण आहे?" सिस्टर दारात येऊन हाक देतात आणि बाकड्यावरून, जिन्यावरून, खाली अंथरलेल्या चादरीवरून कुणीतरी धडपडत उठतं. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा भाचा. औषधाची चिठ्ठी हातात घेऊन पळत सुटतं. आपल्याकडे आजारी माणसाची अर्धी ताकद या उठणाऱ्या माणसात असते.

पण समजा, उठणारा माणूस तिथेच बसलेला आहे आणि तरी त्याला "मी आहे" असं म्हणता येत नाही. पंचवीस वर्षं दोघं एका घरात राहिले. एकाची शुगरची गोळी कोणती आणि कधीची, ते दुसऱ्याला पाठ आहे. पण फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' हा रकाना आला की पेन थांबतं. 'मित्र' लिहिलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "नातेवाईक कुणी नाहीत का?"

म्हातारे झालेले गे, लेस्बियन, बायसेक्शुअल आणि ट्रान्सजेंडर लोक शेवटच्या आजारपणात कुणाच्या भरवशावर असतात, हा आजचा विषय आहे. विशीतल्या वाचकांसाठी निघणाऱ्या पानावर म्हातारपणाचं काय, असं वाटेल. पण आपल्याकडे एलजीबीटी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते प्राइड मार्चमधले तरुण चेहरे, रंगीत झेंडे आणि रील्स. ही माणसंही म्हातारी होतात, त्यांचेही गुडघे दुखतात, त्यांनाही कॅन्सर होतो, हे आपल्या डोक्यातच येत नाही. प्रश्न तिथूनच सुरू होतो.

'रूम पार्टनर' या शब्दाचा आडोसा

हा मुंबई-पुण्याचा विषय आहे, आपल्या मराठवाड्यात असलं काही नाही, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी पैठण रोडने चितेगावपर्यंत यावं. रस्त्यावरच्या १४ किलोमीटरच्या दगडापाशी व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि चितेगाव हे नाव कंपनीच्या पत्त्यातून देशभर गेलं. आसपास कारखानदारी वाढली, तशा भाड्याच्या खोल्याही वाढल्या. कामाला आलेली माणसं दोघं-चौघं मिळून खोली घेतात, डबा आणि भाडं वाटून घेतात. 'रूम पार्टनर' हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

हाच शब्द अनेकांचा आडोसा होत आला आहे. दोन पुरुष, किंवा कामाला जाणाऱ्या दोन बाया, एकत्र राहतात. गल्लीने विचारलं तर 'रूम पार्टनर', 'मैत्रीण', 'मानलेली बहीण', 'गावाकडचा दोस्त' असं सांगून भागतं. विशीत आणि तिशीत हे उत्तर चालून जातं. चाळिशीत लोक "लग्न का केलं नाही" असं विचारतात आणि कंटाळून गप्प होतात. खरी अडचण साठीनंतर येते. ज्या शब्दाने आयुष्यभर लपवलं, तोच शब्द आयसीयूच्या दारात फोल ठरतो. कारण रूम पार्टनरला आत सोडत नाहीत, रिपोर्ट सांगत नाहीत आणि सही तर मागतच नाहीत.

आणि ही माणसं इतकी लपून का राहिली? भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ इंग्रजांच्या काळापासून लागू होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सूट दिली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात घटनापीठाने हे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. आता साधं गणित करा. आज जो माणूस सत्तरीत आहे, त्याने तारुण्य, नोकरी, निवृत्ती हे सगळं कायद्याच्या नजरेत गुन्हेगार म्हणून काढलं. निकाल आला तेव्हा त्याने साठी गाठलेली होती. निकालाने भीती एका रात्रीत जात नाही. डॉक्टरसमोर खरं बोलायची सवयच ज्याला कधी लागली नाही, तो आजारपणात ती कुठून आणणार?

एका मराठीच्या प्राध्यापकाची गोष्ट

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी 'अलीगढ' या चित्रपटामुळे ऐकलं असेल. ते मूळचे नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक आणि कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि त्यांच्या खासगी आयुष्याचं चित्रण केलं. घुसखोरांवर तुटून पडण्याऐवजी विद्यापीठाने प्राध्यापकांनाच निलंबित केलं. निवृत्ती अवघ्या काही महिन्यांवर होती. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते राहत्या खोलीत मृतावस्थेत सापडले. वय ६४.

या घटनेबद्दल बोलताना बहुतेक वेळा खासगीपणाच्या हक्काची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण यात म्हातारपणाचीही बाजू आहे. चौसष्टाव्या वर्षी नोकरी, राहतं घर आणि चारचौघांतली पत एकदम गेली, तर माणसाने जायचं कुठे? कोर्टात जिंकलेल्या माणसाला संध्याकाळी "जेवलात का?" असं विचारणारं कुणीतरी लागतं. ती व्यवस्था कुठलंही न्यायालय देत नाही. ती घर देतं, आणि यांचं घर बनायलाच समाजाने जागा ठेवलेली नसते.

ट्रान्सजेंडर समाजात परंपरेने याची एक वाट काढलेली आहे. गुरू म्हातारा झाला की चेले त्याला सांभाळतात, आजारपण काढतात, मातीलाही तेच असतात. घरातून बाहेर काढलेल्यांनी उभं केलेलं हे घर. पण दवाखान्याच्या फॉर्मवर 'चेला' नावाचं नातं नाही. पुरुषांच्या वॉर्डात की बायकांच्या, हा घोळ पहिल्या दिवसापासून. आणि सगळ्यात मोठी भीती मरणानंतरची : चाळीस वर्षं न फिरकलेले घरचे येतील, आयुष्यभर नेसलेली साडी उतरवतील आणि शर्ट-पँट चढवून जुन्या नावाने निरोप देतील.

जवळचं कोण, हे कोर्टानेच सांगितलंय

'जवळचा माणूस' म्हणजे फक्त रक्ताचा किंवा लग्नाचा, असं आपण धरून चालतो. पण महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने याला वेगळं उत्तर दिलं आहे. अरुणा शानबाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी पूर्ण भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात इच्छामरणाची याचिका केली होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयापुढे प्रश्न होता : या बाईंच्या वतीने बोलण्याचा हक्क कुणाचा? न्यायालयाने तो हक्क मानला तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण इतकी वर्षं रात्रंदिवस सांभाळलं त्यांनी. अरुणा शानबाग यांचा एलजीबीटी विषयाशी संबंध नव्हता. पण त्या निकालामागचा विचार इथे जसाच्या तसा लागू पडतो. ज्याने सांभाळलं, तो जवळचा.

मग हाच विचार दोन म्हाताऱ्या मैत्रिणींना का लागू होऊ नये?

त्याआधीचा एक निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. समीरा कोहली खटल्यात, जानेवारी २००८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सज्ञान आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घ्यायची. तिथे प्रत्यक्ष आईने दिलेली संमतीही न्यायालयाने पुरेशी मानली नाही. म्हणजे शरीर ज्याचं, सही त्याची. 'नातेवाईक आणा' हा हट्ट कायद्यापेक्षा सवयीचा जास्त आहे.

कागद काय देतो, काय देत नाही

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. पण अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणी तपासायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राकडून काही सूचना निघाल्या. जोडीदाराबरोबर बँकेत जॉइंट खातं काढता येतं आणि त्याला नॉमिनीही करता येतं, हे स्पष्ट झालं. रेशन कार्डासाठी दोघांना एक कुटुंब धरावं, असं राज्यांना कळवलं गेलं. आणि आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील, तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. 'नातेवाईक उपलब्ध नसतील, तेव्हा.' म्हणजे वीस वर्षं न फिरकलेला पुतण्या दारात उभा राहिला, की सांभाळणारा माणूस पुन्हा रांगेत मागे. दहाव्याला आणि तेराव्याला तो मागच्या ओळीत बसतो, 'साहेबांचे मित्र' म्हणून. त्याला धाय मोकलून रडायचीही सोय नसते.

मालमत्तेचंही तसंच. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर हक्क आधी आईचा, मग वडिलांचा, मग भाऊ-बहिणींचा आणि पुढे पुतण्या-भाच्यांचा. जोडीदार या यादीत कुठेच नाही. दोघांनी मिळून हप्ते भरलेल्या फ्लॅटमधून म्हातारपणी एकाला बाहेर पडावं लागू शकतं. 'मी नॉमिनी आहे' हे उत्तरही पुरत नाही. कंपनीच्या शेअर्सचा नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

तरीही हातात काहीच नाही, असं नाही. काही कागद आज, याच घडीला करता येतात.

पहिला, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये.

दुसरा, लिव्हिंग विल. बरं होण्याची आशा नसताना नुसतं यंत्रावर ठेवू नका, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने दिला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. यात आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्याचं नाव लिहिता येतं. हा माणूस रक्ताचाच हवा अशी अट नाही. याची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, तेव्हा ती ठेवून घ्यायला कुणी नेमलेलंच नव्हतं. ते उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

तिसरा, मानसिक आरोग्य कायदा २०१७. यात तर साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतं. मानसिक आजारापुरतं कायद्याने मान्य केलं की माझा माणूस मी निवडणार.

मग हृदयविकार, पक्षाघात, डायलिसिस यांसाठी असाच सोपा कागद का नको? मुखत्यारपत्र इथे कामी येत नाही, कारण माणसाचं भान हरपलं की ते मुखत्यारपत्रही संपतं. नेमकी गरज लागते, तेव्हाच कागद निकामी. ही फट बुजवणं सरकारच्या हातात आहे, आणि आमची मागणी तीच आहे. शारीरिक आजारासाठीही 'माझ्या वतीने बोलणारा माणूस' नेमण्याची साधी, फुकट, सगळीकडे चालणारी सोय कायद्यात हवी. आणि कायदा होईपर्यंत दवाखान्यांनी ॲडमिशनच्या फॉर्मवर 'नातेवाईक' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना घालावा : 'निर्णयाच्या वेळी कुणाला बोलवायचं?' याला ना निधी लागतो, ना इमारत.

"उद्या कुणीही येऊन इस्टेट लाटेल"

हा आक्षेप येणारच, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. एकट्या म्हाताऱ्यांना फसवणारे असतात. म्हणून तर शुद्धीत असताना, साक्षीदारांसमोर, स्वतः सही करून माणूस निवडायचा. ऐनवेळी कुणीही उठून हक्क सांगण्यापेक्षा हे जास्त सुरक्षित आहे. आणि रक्ताचं नातं हीच प्रामाणिकपणाची हमी असती, तर सातबाऱ्यावरच्या नावांसाठी भावाभावांचे दावे वर्षानुवर्षं तालुक्याच्या कोर्टात पडून राहिले नसते.

शिवाय ही सोय फक्त एलजीबीटी लोकांची नाही. शेजारणीच्या आधाराने राहणारी विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई, लग्न न केलेला मास्तर, ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत असे आजी-आजोबा, या सगळ्यांना ती हवी आहे. आणि तुम्हालाही. रात्री अकराला पैठण रोडवर बाइक घसरली, तर तुम्हाला उचलून कोण नेणार? घरचे परभणीहून, किनवटहून निघून पोहोचेपर्यंत सकाळ होते. तोवर दारात उभा असतो तो रूम पार्टनरच.

शेवटच्या दिवसांत लागतं काय?

पॅलिएटिव्ह केअर हा शब्द अजून आपल्या तोंडात बसलेला नाही. आजार बरा होणार नाही, हे कळल्यावर वेदना, धाप, जखमा आणि मनाची घालमेल कमी करणारी ही सेवा. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. अशा ठिकाणी रुग्णाबरोबर सांभाळणाऱ्या माणसालाही शिकवतात : औषध किती वेळाने द्यायचं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून काय करायचं. आता विचार करा, सांभाळणारा माणूसच 'कुणी नाही' असेल, तर हे शिकवायचं कुणाला? तोही सत्तरीचा आहे, त्याचीही कंबर गेली आहे, आणि त्याला विचारणारं कुणी नाही.

महाराष्ट्रात या चळवळीला भाषा देणारी पिढी आता स्वतः उतारवयात आहे. १९४७ मध्ये जन्मलेल्या अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' काढून हा विषय मराठीत आणला. मुंबईत ज्येष्ठ गे पुरुषांचा 'सीनेजर्स' नावाचा गटही आहे. आज तुम्ही इन्स्टावर निर्धास्तपणे जे लिहिता, त्यामागे या लोकांची उमेदीची वर्षं आहेत. त्यांच्या म्हातारपणाकडे पाठ फिरवून चळवळ पुढे जाऊ शकत नाही.

आपण काय करायचं?

आधी एक गोष्ट करू नका. गल्लीत दोन म्हातारे एकत्र राहतात म्हणून त्यांच्यात काय आहे, याचा शोध घेऊ नका. त्यांनी सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर तो त्यांचा हक्क. मदत करायला ओळख उघड करावी लागत नाही.

लॉ करणाऱ्यांनी कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रातून मृत्युपत्र आणि लिव्हिंग विलचे सोप्या मराठीतले नमुने तयार करावेत, आणि शिबिरात 'ज्यांचं कुणी नाही, त्यांच्यासाठी' असं न म्हणता सगळ्यांसाठी वाटावेत. एनएसएसवाल्यांनी आपल्या दत्तक गावात, मग ते चितेगाव असो की बिडकीन, ग्रामसेवकांना जाऊन विचारावं : लिव्हिंग विलची प्रत कुणाकडे जमा करायची? उत्तर मिळालं तर भिंतीवर लिहा. नाही मिळालं तर लेखी अर्ज द्या. मेडिकल आणि नर्सिंगच्या मुलामुलींनी एवढं एक वाक्य बदलावं. "नातेवाईक कोण?" याऐवजी रुग्णालाच विचारावं, "तुमच्याबरोबर कोण राहतं? काही ठरवायचं झालं तर कुणाशी बोलू?" आणि मिळालेलं नाव केसपेपरवर लिहावं.

पैठण इथून पुढे याच रस्त्यावर आहे. नाथषष्ठीला दिंड्या चितेगाववरूनच जातात. एकनाथांची एक कथा आपण लहानपणापासून ऐकतो. घरी श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, आणि रस्त्याने जाणाऱ्या, गावाने शिवायचं नाकारलेल्या भुकेल्या माणसांना वास आला. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी ते अन्न आधी त्यांना वाढलं. मानाचे ब्राह्मण रुसून बसले, तेव्हा खुद्द पितर जेवायला उतरले, असं सांगतात. मेलेल्यांचं देणं फेडायचा अधिकार कुणाचा, यावर पैठणने दिलेलं हे उत्तर आहे. ते आपण कीर्तनात मान डोलावून ऐकतो. आता ते ॲडमिशनच्या फॉर्मवर उतरवायचं आहे. त्यासाठी फक्त एक रकाना लागेल.